रस्ता थांबतो तेथून पुढे: चंडीगडहून ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानापर्यंतचा उन्हाळी प्रवास

मे महिन्याची सुट्टी लागली की महाराष्ट्रातून हिमाचलला जाणारी बहुतेक कुटुंबे मनालीचा रस्ता धरतात आणि औटच्या बोगद्यातून सरळ पुढे निघून जातात. याच बोगद्याच्या अलीकडे बंजारकडे जाणारा एक फाटा आहे. त्या फाट्याने लारजी आणि बंजार मागे टाकून तीर्थन नदीच्या काठाकाठाने गेले की गुशैनी नावाचे लहानसे गाव लागते, आणि तेथून पायी आठ-नऊ किलोमीटरवर ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाची हद्द सुरू होते. चंडीगडहून या खोऱ्यात जाऊन, जलोरीची खिंड ओलांडून, नारकंडा आणि शिमलामार्गे चंडीगडला परत येणारा वर्तुळाकार प्रवास सात-आठ दिवसांत निवांतपणे होतो. तो कसा आखावा, हे येथे सविस्तर सांगितले आहे.

सर्वांत आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण पुढचे सगळे नियोजन तिच्यावर अवलंबून आहे. ताडोबा किंवा पेंच पाहिलेल्या माणसाच्या मनात राष्ट्रीय उद्यान म्हटले की जिप्सी, सफारीची सकाळची आणि दुपारची फेरी, पाणवठ्यावर येणारे जनावर असे चित्र उभे राहते. येथे त्यातले काहीही नाही. उद्यानाच्या हद्दीत मोटाररस्ता नाही, त्यामुळे गाडी तुम्हाला फक्त उंबरठ्यापर्यंत नेते आणि पुढे पायांनीच जावे लागते. हे लक्षात न घेता ‘रोज एक नवे ठिकाण’ अशा बेताने आलेली मंडळी गुशैनीच्या पुलावर उभे राहून छायाचित्रे काढतात आणि उद्यान पाहिल्याच्या समजुतीत परत जातात. म्हणून गाडी चालवण्याचे दिवस आणि एका जागी राहण्याचे दिवस यांचा हिशेब आधी मांडावा. सात दिवसांपैकी सलग तीन रात्री तरी तीर्थन खोऱ्यात एकाच घरी काढता येत असतील, तरच या रस्त्याला लागावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उद्यानाविषयी थोडेसे

कुल्लू जिल्ह्यातील या उद्यानाची स्थापना 1984 साली झाली, अंतिम अधिसूचना 1999 मध्ये निघाली आणि जून 2014 मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. उद्यानाचे क्षेत्र सुमारे 754 चौरस किलोमीटर आहे. लगतची तीर्थन आणि सैंज ही अभयारण्ये धरून वारसा क्षेत्र 905 चौरस किलोमीटरांवर जाते. देवदाराच्या आणि बान ओकच्या जंगलापासून सहा हजार मीटरांहून उंच हिमशिखरांपर्यंतचे सगळे टप्पे या एका क्षेत्रात आहेत. तीर्थन, सैंज, जीवा नाला आणि पार्वती या चार प्रवाहांचे उगम याच डोंगरांत आहेत आणि चारही प्रवाह शेवटी बियासला मिळतात.

उद्यानाच्या पश्चिम कडेला इको-झोन म्हणून ओळखला जाणारा वस्तीचा पट्टा आहे. येथील गावकरी पूर्वी उन्हाळ्यात मेंढरे घेऊन वरच्या कुरणांवर जात, जडीबुटी आणि गुच्छी नावाची महागडी आळंबी गोळा करत. 1999 मध्ये उद्यान अधिकृत झाले तेव्हा हे हक्क संपुष्टात आले. आज त्याच घरांतील तरुण वाटाडे, हमाल आणि आचारी म्हणून काम करतात. स्थानिक वाटाड्या घेणे हा येथे केवळ सुरक्षिततेचा भाग नाही. ज्यांच्या चराईवर आणि गुच्छीवर पाणी सोडून हे जंगल राखले गेले, त्यांच्या घरात चार पैसे जाण्याचा तो सरळ मार्ग आहे.

तीर्थन नदीविषयीही एक गोष्ट माहीत असावी. शेजारच्या सैंज खोऱ्यात जलविद्युत प्रकल्प उभे राहिले, पण तीर्थनवर आखलेल्या प्रकल्पांना खोऱ्यातील लोकांनी विरोध केला. माजी आमदार दिलेराम शबाब हे या लढ्यात पुढे होते. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि ते प्रकल्प रद्द झाले. आज गुशैनीत रात्री खिडकी उघडी ठेवून झोपले की नदीचा जो अखंड आवाज ऐकू येतो, तो त्या लोकांच्या हट्टामुळे टिकून आहे.

केव्हा जावे

एप्रिलच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंतचा काळ सर्वांत चांगला. एप्रिलमध्ये उंचावरील जंगलात बुरांश, म्हणजे तांबडा ऱ्होडोडेंड्रॉन, फुललेला असतो. मेमध्ये रानात हिरवी पालवी असते आणि उंच कुरणांवरचा बर्फ वितळू लागतो. शाळांच्या सुट्ट्यांमुळे महाराष्ट्रातील कुटुंबांना मे महिनाच सोयीचा पडतो आणि तो या खोऱ्याला मानवतोही. मेच्या मध्यावर बंजारचा मेळा भरतो. त्या दिवसांत बाजारातून गाडी काढणे अवघड होते, पण देवतांच्या पालख्या आणि ढोल-नगाऱ्यांचे वादन पाहण्यासाठी तेवढा खोळंबा सोसावा.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यानंतर मात्र हा प्रवास टाळावा. मोसमी पाऊस हिमाचलात साधारण जूनच्या अखेरीस पोचतो, आणि त्यानंतर मंडी ते औट या घळीतील रस्त्यावर दरडी कोसळणे नित्याचे होते. जुलै 2023 मध्ये बियासला आलेल्या पुराने मंडी-कुल्लू महामार्ग ठिकठिकाणी वाहून गेला आणि हजारो पर्यटक अडकून पडले. ज्यांना जूनमध्येच जाणे भाग आहे, त्यांनी परतीसाठी एक दिवस राखून ठेवावा आणि विमानाचे किंवा रेल्वेचे तिकीट त्या हिशेबाने काढावे.

आपल्याकडील उन्हाळ्याच्या अंदाजाने कपडे घेऊ नयेत. गुशैनीत दुपारी सुती सदरा पुरतो, पण रात्री पांघरूण लागते आणि जलोरीवर मे महिन्यातही स्वेटरशिवाय उभे राहवत नाही. दुपारनंतर अचानक आभाळ भरून गारा पडणे हेही येथे नेहमीचे आहे. त्यामुळे प्रत्येकाजवळ रेनकोट आणि घोटा धरून ठेवणारे बूट असावेत.

गाडी आणि चालक

मुंबई-पुण्याहून स्वतःची गाडी घेऊन जाणे शक्य असले तरी मी त्याची शिफारस करणार नाही. दीड हजार किलोमीटरांहून अधिक सपाटीचा रस्ता, तोही राजस्थान आणि हरियाणाच्या मे महिन्यातील उन्हात, पार करून थकलेल्या अवस्थेत घाटात शिरणे धोक्याचे आहे. विमानाने किंवा रेल्वेने चंडीगड गाठावे आणि तेथून गाडी घ्यावी.

स्वतः चालवण्यासाठी गाडी भाड्याने घेणार असाल तर तिची नंबरपाटी काळी आणि त्यावरील अक्षरे पिवळी आहेत, हे पाहून घ्यावे. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणे नियमबाह्य आहे आणि नाक्यावर अडवले गेल्यास भुर्दंड तुम्हाला पडतो. परराज्यातील वाहनांना हिमाचलच्या सीमेवर प्रवेश कर द्यावा लागतो. ताबा घेताना चारही टायरांची खाच, सुटे चाक, जॅक आणि हँडब्रेक तपासावा. चढावर गाडी उभी करून हँडब्रेक ओढावा आणि पाय ब्रेकवरून उचलावा. गाडी तसूभरही सरकली तर ती नाकारावी.

घाटात गाडी चालवण्याचा सराव नसेल तर हिमाचलचा चालक घेणे केव्हाही शहाणपणाचे. आंबेनळी किंवा ताम्हिणी घाट चालवलेल्या माणसाला वळणांची सवय असते, पण तो घाट तास-दीड तासात संपतो. येथे सहा-सहा तास वळणे संपत नाहीत. ज्यांना वळणांवर मळमळते त्यांनी औषध निघण्यापूर्वी अर्धा तास घ्यावे, पोट अगदी रिकामे ठेवू नये आणि पुढच्या आसनावर बसून नजर दूरवर ठेवावी. मागे बसून मोबाइल पाहणारी मुले हमखास आजारी पडतात.

चंडीगड ते औट

पहाटे पाचच्या सुमारास निघावे. खरड, रूपनगर आणि किरतपूर साहिब हा सपाटीचा टप्पा उन्हे चढण्यापूर्वी संपतो. किरतपूरहून नेरचौकपर्यंतचा चौपदरी रस्ता 2023 पासून वाहतुकीस खुला आहे. बोगद्यांच्या मालिकेमुळे स्वारघाटाची जुनी वळणे टळतात, प्रवासाचा वेळ खूप वाचतो आणि बिलासपूरच्या परिसरात गोविंदसागर जलाशयाचे निळे पाणी दिसत राहते. या रस्त्यावर वेग वाढवण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण बोगद्याच्या अंधारातून एकदम उजेडात येताना पुढचे दोन-तीन क्षण डोळ्यांना काहीच दिसत नाही.

मंडीला पोचल्यावर जेवण, विश्रांती आणि इंधन ही तिन्ही कामे उरकून घ्यावीत. टाकी येथेच पूर्ण भरावी आणि थोडी जास्त रोख रक्कमही येथेच काढून घ्यावी. पुढे ऑनलाइन पैसे सर्वत्र घेतले जातात, पण नेटवर्क असेल तेव्हाच. संपूर्ण मार्गाचा नकाशाही मोबाइलवर येथेच उतरवून ठेवावा.

मंडीपासून औट सुमारे 40 किलोमीटर आहे. पंडोह धरणानंतर रस्ता बियासच्या अरुंद घळीत शिरतो. एका बाजूला उभा कडा आणि दुसऱ्या बाजूला नदी, असा हा टप्पा आहे. पाण्याजवळ उतरून छायाचित्रे काढावीत असे वाटायला लावणाऱ्या जागा येथे पुष्कळ आहेत, आणि तेथे अजिबात उतरू नये. लारजी धरणातून सोडलेले पाणी या घळीत काही मिनिटांत चढते. जून 2014 मध्ये थलौटजवळ नदीपात्रातील खडकांवर उभे असलेले हैदराबादचे 24 विद्यार्थी अशाच सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. आकाश निरभ्र आहे, पाणी घोट्याएवढे आहे, ही कारणे येथे उपयोगाची नाहीत. मुलांना ही गोष्ट गाडीतच समजावून सांगावी.

औटचा बोगदा सुमारे तीन किलोमीटर लांब आहे. त्यात शिरायचे नाही. त्याच्या अलीकडेच बंजार आणि लारजीची पाटी पाहून फाटा पकडायचा. चुकून आत शिरलात तर भुंतरच्या बाजूला बाहेर पडाल आणि पुन्हा तेवढाच बोगदा उलट पार करावा लागेल. बोगद्यात थांबणे किंवा वळवणे कटाक्षाने टाळावे.

येथे नकाशाविषयी एक इशारा. या प्रवासात सैंज नावाची दोन गावे येतात. एक लारजीच्या वर, सैंज नदीच्या खोऱ्यात आहे. दुसरे जलोरीच्या पलीकडे, सतलजच्या काठी, शिमला जिल्ह्यात आहे. नुसते ‘सैंज’ असे टंकून दिशा मागितली तर मोबाइल भलत्याच गावी नेऊ शकतो. म्हणून नकाशात नेहमी गुशैनी, बंजार किंवा जिभी अशी नावे द्यावीत.

लारजी ते गुशैनी

लारजीला सैंज आणि तीर्थन बियासला येऊन मिळतात. मे महिन्याच्या दुपारी येथे थोडे थांबून, रस्त्यावरूनच, प्रवाहांचे रंग पाहावेत. बर्फ आणि गाळ घेऊन येणारा प्रवाह राखाडी दिसतो, तर तीर्थनचे पाणी काचेच्या बांगडीसारखे हिरवट आणि पारदर्शक असते. येथून सैंज खोऱ्याचा रस्ता वेगळा होतो. आपण तीर्थनच्या काठाने बंजारकडे निघायचे. रस्ता अरुंद आहे आणि काही ठिकाणी डोंगराचा कातळ गाडीच्या टपावर झुकलेला आहे. समोरून बस आली तर घाबरून कडेला सरकू नये. बसचे चालक रोजचे असतात आणि कोठे थांबायचे हे त्यांना माहीत असते. त्यांच्या हाताच्या खुणेप्रमाणे वागावे. चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी, हा डोंगरी रस्त्याचा नियम येथे सगळे पाळतात आणि आपणही पाळावा.

बंजारच्या लहानशा बाजारानंतर दोन रस्ते फुटतात. एक जिभी आणि जलोरीकडे चढतो, दुसरा साई रोपामार्गे गुशैनीला जातो. बंजारहून गुशैनी सुमारे दहा किलोमीटर आहे. मुक्कामासाठी जिभीपेक्षा गुशैनीच्या बाजूचे गाव निवडावे. जिभी सुंदर आहे, पण गेल्या काही वर्षांत तेथे हॉटेलांची दाटी झाली आहे आणि मेच्या शनिवार-रविवारी तेथील अरुंद रस्ता तासन्‌तास तुंबतो. गुशैनीच्या परिसरात घरगुती मुक्कामाच्या चांगल्या सोयी आहेत. काही घरे नदीच्या पलीकडे आहेत आणि तेथे जायला तारेवरून ओढला जाणारा झुला आहे. वयस्कर मंडळी बरोबर असतील तर आरक्षण करतानाच विचारावे की गाडी उभी करण्याच्या जागेपासून घरापर्यंत किती चालावे लागते आणि पायऱ्या किती आहेत. येथे ‘पाच मिनिटांवर’ म्हणजे पुष्कळदा पाच मिनिटांची खडी चढण असते.

जेवणाबाबत यजमानांवर विसंबावे. गव्हाचे आंबवलेले पीठ, आत अक्रोडाचे किंवा उडदाचे सारण, आणि वाफवून वरून भरपूर तूप असा सिड्डू हा येथील खास पदार्थ आहे. तो करायला वेळ लागतो, म्हणून सकाळीच सांगून ठेवावे. राजमा-भात आणि उन्हाळ्यात रानातून खुडून आणलेल्या लिंगडीची, म्हणजे नेच्याच्या कोवळ्या कोंबांची, भाजीही आवर्जून मागावी. मांसाहार करणाऱ्यांना ट्राउट मासा मिळतो. इंग्रजांच्या काळात कुल्लूच्या नद्यांत सोडलेला हा मासा तीर्थनच्या थंड पाण्यात चांगला रुजला. गळ टाकून मासेमारी करायची असल्यास मत्स्य विभागाचा परवाना घ्यावा लागतो. सफरचंदांची अपेक्षा मात्र ठेवू नये. मेमध्ये झाडांवर केवळ हिरवी, लिंबाएवढी फळे असतात. जूनमध्ये चेरी, खुमानी आणि आलुबुखार मिळू लागतात.

उद्यानात पाऊल ठेवताना

उद्यानाच्या हद्दीत जाण्यासाठी परवाना आवश्यक आहे. मुख्य कार्यालय कुल्लूजवळ शमशी येथे आहे, पण तीर्थन बाजूने जाणाऱ्यांना साई रोपा येथील वनविभागाच्या केंद्रात परवाना घेणे सोयीचे पडते. प्रत्येकाचे ओळखपत्र आणि त्याची छायाप्रत जवळ ठेवावी. पोचल्याच्या दिवशी संध्याकाळीच, किंवा दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडताच, हे काम करून टाकावे. याच केंद्रात वाटाड्यांचीही चौकशी होते. साई रोपा येथे थोडा वेळ काढून परिसरातील झाडे पाहून घ्यावीत, म्हणजे दुसऱ्या दिवशी वाटेवर कोणते झाड कैल (एक प्रकारचा पाइन) आणि कोणते देवदार हे मुलांना ओळखता येते.

सर्वांना झेपेल असा मार्ग गुशैनी ते रोला हा आहे. रोलाजवळ उद्यानाचे प्रवेशद्वार आहे. जाऊन-येऊन सोळा-अठरा किलोमीटर होतात, म्हणून सकाळी सातला निघून संध्याकाळी पाचपर्यंत परत यावे. वाट बहुतेक नदीच्या सोबतीने जाते. पहिल्या टप्प्यात गव्हाची पायऱ्यापायऱ्यांची शेते, सफरचंदाच्या बागा आणि स्लेटच्या दगडाची छपरे असलेली घरे लागतात. पुढे वस्ती विरळ होते, लाकडी पूल येतात आणि जंगल अंगावर येऊ लागते. वाटेत एखाद्या जुन्या घराच्या भिंतीपाशी थांबून ती जवळून पाहावी. देवदाराची आडवी तुळई, तिच्यावर न सांधलेल्या दगडांचा थर, त्यावर पुन्हा तुळई अशी रचना वरपर्यंत गेलेली असते. कोपऱ्यावर दोन बाजूंच्या तुळया एकमेकींत अडकवून लाकडी खुंटीने जखडलेल्या असतात. चुना नाही, सिमेंट नाही, आणि दगडांच्या फटीतून बोट आत जाते. ही काठकुणी पद्धत आहे. भूकंपात अशी भिंत थोडी हलते आणि पुन्हा जागेवर बसते.

प्राणी दिसण्याविषयी वाजवी अपेक्षा ठेवावी. उद्यानात हिमबिबट्या, तपकिरी अस्वल, कस्तुरीमृग, भरल आणि हिमालयीन ताहर आहेत, पण उन्हाळ्यात ते बर्फाच्या रेषेमागोमाग उंच जातात आणि एका दिवसाच्या वाटेवर दिसण्याची शक्यता फारच थोडी असते. पक्षी मात्र भरपूर दिसतात. नदीच्या मधोमध असलेल्या खडकावर बसून शेपटी हलवणारा, डोक्यावर पांढरी टोपी असलेला पाणथिरथिरा शोधायला दुर्बीणही लागत नाही. ज्या पक्ष्यासाठी हे उद्यान जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक आहे, तो पश्चिमी ट्रॅगोपान, ज्याला येथे जुजुराणा म्हणतात आणि जो हिमाचलचा राज्यपक्षी आहे, अतिशय लाजाळू आहे. मे आणि जून हा त्याच्या विणीचा काळ असल्यामुळे त्याच्या आवाजाची नक्कल करणे किंवा ध्वनिफीत वाजवणे हा सरळसरळ अपराध समजावा.

ज्यांचे पाय चांगले आहेत आणि ज्यांच्याकडे आणखी दोन दिवस आहेत, त्यांनी रोलाहून शिल्ट नावाच्या उंचावरील ठिकाणापर्यंतची खडी चढण वाटाड्या आणि तंबू घेऊन करावी. येथे तुम्ही तीन हजार मीटरांच्या आसपास झोपता. म्हणून आदल्या दोन रात्री गुशैनीत काढलेल्या असाव्यात, पाणी भरपूर प्यावे आणि डोके दुखून मळमळू लागल्यास चर्चा न करता खाली उतरावे. लहान मुलांना घेऊन मात्र रोलाच पुरे. तेथील नदीकाठी दोन तास शांत बसणे हे धावतपळत केलेल्या चढाईपेक्षा अधिक मोलाचे आहे.

तिसऱ्या दिवशी बंजारजवळील चैहणी कोठीला जावे. काठकुणीचा हा उंच मनोरा 1905 च्या कांगडा भूकंपात वरचे मजले गमावूनही ताठ उभा आहे. येथील मंदिरांचे नियम गावागणिक बदलतात. कोठे चामड्याची वस्तू चालत नाही, कोठे बाहेरच्या माणसाने लाकडी ओट्याला हात लावलेला चालत नाही. पाऊल टाकण्यापूर्वी विचारावे, आणि नाही म्हटले तर हुज्जत न घालता दुरून नमस्कार करावा. आपल्याकडे ग्रामदैवताच्या मानापानाचे जे वळण आहे, तेच येथे अधिक काटेकोरपणे पाळले जाते. वेळ असेल तर सैंज खोऱ्यातील शांगड गावही पाहण्यासारखे आहे. देवदारांनी वेढलेले तेथील विस्तीर्ण कुरण शंगचूल महादेवाचे मानले जाते. त्यावर तंबू ठोकणे, चूल पेटवणे किंवा कचरा टाकणे गावाला अजिबात खपत नाही.

जलोरीची चढण

गुशैनी सोडून बंजार आणि जिभीमार्गे जलोरी जोताकडे, म्हणजे खिंडीकडे, निघताना सकाळी सातनंतर घरात राहू नये. जोत सुमारे 3,100 मीटर उंचीवर आहे आणि शोजा गावापासूनचे शेवटचे चार-पाच किलोमीटर या संपूर्ण प्रवासातील सर्वांत कठीण आहेत. चढ खडा आहे, रस्ता एकपदरी आहे आणि काही भाग उखडलेला असतो. उशीर झाला की दोन्ही बाजूंच्या गाड्या समोरासमोर येतात आणि चढावर थांबून पुन्हा निघण्याची वेळ वारंवार येते.

चढताना पहिला गिअर टाकून, एअर कंडिशनर बंद करून, एकसारख्या गतीने वर जावे. पुढची गाडी निदान एक वळण पुढे गेल्याशिवाय आपली गाडी चढावर घालू नये, म्हणजे मध्येच थांबावे लागत नाही. क्लच अर्धा दाबून गाडी रोखून धरण्याची शहरातील सवय येथे फार महागात पडते. थांबायचे असेल तर हँडब्रेकवर थांबावे. जळकट वास येऊ लागला तर सपाट जागा मिळताच गाडी उभी करून वीस-पंचवीस मिनिटे निवू द्यावी. पाऊस किंवा गारा सुरू असतील तर शोजातच थांबावे.

माथ्यावर मंदिर आहे आणि चहा-मॅगीची काही दुकाने आहेत. येथून खरसू ओकच्या जंगलातून पाच किलोमीटर चालत गेले की सेरोलसर तलाव आणि बूढी नागीण देवीचे मंदिर लागते. वाट फारशी चढाची नसल्याने दहा-बारा वर्षांची मुलेही ती सहज चालतात. तलावात पडलेले प्रत्येक पान आभी नावाचा चिमुकला पक्षी चोचीने उचलून नेतो, अशी येथील लोकांची श्रद्धा आहे. भोवती दाट झाडी असूनही पाणी खरोखरच स्वच्छ दिसते. तलावात हातपाय धुऊ नयेत. जाऊन-येऊन चार तास लागतात, म्हणून ज्यांना तलाव करायचा आहे त्यांनी आदली रात्र शोजात काढावी.

नारकंडामार्गे परत

जलोरीच्या पलीकडे उतरताना वाहनाची खरी परीक्षा होते. ज्या गिअरमध्ये तो चढ चढलो असतो त्याच गिअरमध्ये तो उतरावा आणि ब्रेक अधूनमधून, थोडासाच दाबावा. सतत ब्रेक दाबून उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक तापतात आणि पॅडल अचानक मऊ लागू लागते. तसे जाणवल्यास गिअर आणखी खाली आणून गाडी डोंगराच्या बाजूला उभी करावी आणि ब्रेक पूर्ण निवेपर्यंत हलवू नये. तापलेल्या चाकावर पाणी ओतू नये.

खनाग आणि आनीमार्गे रस्ता लुहरीला सतलजच्या पात्रापर्यंत उतरतो. सकाळी स्वेटर घालून निघालेली माणसे दुपारी हजार मीटरांच्याही खाली येतात आणि तेथे उकाड्याने जीव कासावीस होतो. पिण्याचे पाणी हाताशी ठेवावे आणि येथे न रेंगाळता नारकंडाची चढण धरावी. सुमारे 2,700 मीटरांवरील नारकंडाला त्या रात्री मुक्काम करावा. तेवढ्याच दिवसात शिमला गाठण्याचा हट्ट धरणाऱ्यांना शेवटचे तास अंधारात, ट्रकांच्या प्रखर दिव्यांसमोर काढावे लागतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघाल्यास शिमला शहर गर्दी होण्यापूर्वी ओलांडता येते. नऊ वाजल्यानंतर मे-जूनमध्ये तेथे दोन तास सहज मोडतात. शिमल्याहून चंडीगड सुमारे 115 किलोमीटर आहे. सोलनपासून परवाणूपर्यंत रस्ता रुंद असला तरी कापलेल्या डोंगरांवरून दगड येत असतात, त्यामुळे कड्याखाली गाडी उभी करू नये. परतीचे विमान संध्याकाळी सातच्या आधीचे घेऊ नये. गाडी परत करताना चाकांना आणि तळाला लागलेला मार ताबा घेताना काढलेल्या छायाचित्रांशी ताडून पाहावा आणि अनामत रक्कम परत मिळाल्याची नोंद तेथेच करून घ्यावी.